बोटांची चाचणी

माझा दादा समुद्रात संशोधन करणाऱ्या जहाजावर आहे आणि मी जमिनीवर, उपग्रह केंद्रात. जहाजावरून निघालेलं चित्र आधी एका उपग्रहाकडे जातं, तो ते दुसऱ्याकडे देतो आणि दुसरा आमच्या आवारातल्या मोठ्या डिशकडे पाठवतो. आमचं चित्र त्याच वाटेने उलट दिशेने जातं. हा नवा, वेगवान मार्ग तपासायचं काम माझ्याकडे होतं. जुन्या मार्गाचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं, आणि त्याला कारण माझी भाची, दादाची मुलगी.

तिला जन्मापासून ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते, आणि इतकं बोलते की घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात. दादा तिच्यासाठी खुणांची भाषा शिकला होता. पण तो जहाजावर गेला आणि पंचाईत झाली. जुन्या मार्गावर जरा काही हललं की चित्राचे चौकोन व्हायचे, भिंगरीच्या बोटांचा तर नुसता लगदा. दादाला काही कळायचं नाही, पण पोरीचं मन मोडू नये म्हणून तो हसत मान डोलवायचा. एकदा तिने मांजर मेल्याचं सांगितलं, तेव्हाही त्याने मान डोलवली आणि वर अंगठा दाखवला. त्या दिवसापासून ती पडद्यासमोर बसेना. वहिनी म्हणाली, "मग लिहून पाठव." तिने हातांनीच ठणकावलं, "लिहायचं ते शाळेत. बाबाशी मी बोलते."

चाचणीसाठी आमच्याकडे तयार चित्रफीत होती. रंगीत पट्टे, धावते आकडे. ती सुरळीत गेली आणि मोठे साहेब खूश झाले.

"साहेब, पट्टे कोण बघणार आहे?" मी म्हटलं. "माणसाची बोटं पाठवून बघू. माझ्या भाचीला बसवते."

"चाचणीत घरचं माणूस नको."

"मग बोटांपेक्षा भरभर हलणारं काय आणू? पंखा?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. माझ्याशी वाद घालून उपयोग नाही हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. "अर्धा तास," ते म्हणाले.

भिंगरीला केंद्रात आणताना वहिनीच्या नाकीनऊ आले. खुर्चीत बसली तीही हाताची घडी घालून. पडद्यावर दादा आला. त्याच्या दाढीतले पांढरे केस मोजता आले असते. त्याने खुणेने सांगितलं, "तुझ्या अंगठ्याला शाई लागलीय." भिंगरीने अंगठ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि घडी सोडून जी सुटली ती सुटलीच. शाळेत ती नव्या खुणा शिकली होती, त्यातल्या निम्म्या मलाही येत नव्हत्या.

"वेग टिकून आहे," साहेब शेजारच्या पडद्याकडे बघत म्हणाले.

माझं लक्ष दादाच्या तोंडाकडे होतं. तिथे तेच जुनं हसू यायला लागलं होतं. त्याला कळत नव्हतं. आता दोष चित्राचा नव्हता, पोरगी पुढे गेली होती आणि बाप मागे राहिला होता. त्याची मान हलायच्या बेतात होती. दादा, आता मान डोलवलीस तर ही पोर पुन्हा तुझ्यासमोर बसायची नाही, मी मनात म्हटलं.

मान हलली नाही. त्याचं हसू मावळलं, आणि दोन्ही हात वर घेऊन त्याने सावकाश खूण केली, "कळलं नाही. पुन्हा सांग."

भिंगरीने खुर्ची पुढे ओढून एकेक खूण सुटी करून दाखवली. त्याने करून बघितली. चुकली. तिने कपाळावर हात मारून परत दाखवली, ती त्याने आणखी चुकवली. तशी ती हसली. तिला स्वतःचं हसणं ऐकू येत नाही, म्हणून ते फार मोठं असतं. दादाने ते तिकडे ऐकलं आणि रडायला लागला, आणि रडत रडतच खूण करत राहिला.

मी वाकून बघत होते. पडद्यावरची नजर न काढता भिंगरीने एका हाताने मला सांगितलं, "आत्या, तू जा. आम्ही बोलतोय."

चाचणी साहेबांच्या गळ्यात टाकून मी व्हरांड्यात जाऊन पोटभर रडले. मला कोणी असं हाकलावं आणि मी उलट बोलू नये, हे पहिल्यांदाच झालं.