दोन बोटं उघडी

मी गाडीच्या मागच्या दाराची काच बोलतेय. बोलतेय कसली, भांडतेय.

उन्हाळ्यात गाडीचं दार उघडलं की जो तो म्हणतो, "भट्टी झालीय नुसती," आणि बघतो माझ्याकडे. जणू मीच आत चूल पेटवली. अरे, कारखान्यात मला तापवून झटकन गार केलं ते फुटले तरी नुसते दाणे व्हावेत म्हणून; पण दाराला बसवलं ते तुम्हाला बाहेरचं दिसावं म्हणूनच ना? मग ऊनही आत येणारच. ते सीटवर, डॅशबोर्डवर पडतं. ती तापतात, धग सोडतात, आणि ती धग काही मला बाहेर सोडता येत नाही. कोंडलेली हवा तापतच जाते. एवढी साधी गोष्ट.

माझ्या मालकाला तरी ती कळायला हवी होती. चष्मेवाला तो. दिवसभर काचा घासतो, गिऱ्हाइकांना उन्हाच्या चष्म्यावर व्याख्यानं देतो. पण गाडीत बसला की अक्कल गहाण. काच दोन बोटं खाली ठेवली की गाडी तापत नाही, असा त्याचा ठाम समज.

त्या दुपारी भिंगं आणायला तो घाऊक दुकानासमोर थांबला. मागच्या सीटवर त्याची आई होती, गुडघ्यांनी बेजार.

"तू बस आई. पाच मिनिटांत आलोच."

"काच अजून खाली घे की रे."

"दोन बोटं ठेवलीय ना. वारा येतो."

गाडी कुलूपबंद करून तो गेला, आणि दुकानात गप्पांत रमला. कसला वारा नि कसलं काय. म्हातारी घामाने निथळली. तिने दाराचा खटका ओढला. नात लहान असताना लावलेलं चाइल्ड लॉक या शहाण्याने काढलंच नव्हतं, दार आतून उघडेना. तिने माझं बटण दाबलं. किल्लीशिवाय मी उतरणार कशी? शेवटी तिने माझ्या फटीतून बोटं बाहेर काढली आणि हलवत राहिली. मग बोटंही थांबली. माझा इतका संताप कधीच झाला नव्हता.

पलीकडच्या पंक्चरवाल्याला ती बोटं दिसली. तो पाना घेऊन धावला. "आजी, तोंड फिरवा," म्हणाला आणि माझ्या कोपऱ्यावर घाव घातला. मी दाणे दाणे होऊन सांडले. आयुष्यात पहिल्यांदा कामाला आले.

त्याने तिला सावलीत निजवलं, अंगावर पाणी मारलं. मालक आला तो ओरडतच. "माझी काच कोणी फोडली?"

"काच नवी बसेल," पंक्चरवाला म्हणाला. "आधी आईकडे बघ."

तिने डोळे उघडले तेव्हा तो रडत होता. रड लेका.

मी आता पंक्चरवाल्याच्या डब्यात पडून आहे. परवा मायलेक त्याचे आभार मानायला आले. दाराला नवी काच होती, दोन बोटं उघडी. आईने ती पाहिली, आणि मुलाकडून किल्ली मागून घेतली.

"बस मागे. पाच मिनिटांत आलेच."

तो हसत मागच्या सीटवर बसला. ती हसली नाही. तिने दार लावून कुलूप केलं आणि पंक्चरवाल्याच्या स्टुलावर बसून राहिली. दोन मिनिटं झाली असतील, त्याने खटका ओढला. दार उघडेना. चाइल्ड लॉक अजून तसंच. मग फटीतून बोटं बाहेर आली.

तिने लगेच दार उघडलं. आई ना ती.

नव्या काचेलाही माझ्याहून जास्त काही जमणार नाही. तिच्या भरवशावर आत कुणाला सोडून जाऊ नका.