मुठीतले चिंचोके

सन १९८५ च्या मे महिन्यात चामोर्शी तालुक्यातील आमच्या कुसुमटोला गावी, विडीची तेंदूपाने खरेदी होतात त्या फडावर, जो जनसमुदाय लोटला, तसा मी आजन्म पाहिला नव्हता. पाने घेऊन आलेल्या बायाबापड्या पुडे उन्हात टाकून पिंपळाखाली धावत होत्या. प्रत्येकाच्या दोन्ही मुठी आवळलेल्या. कोणाला घाम पुसता येईना, कोणाला नाक खाजवता येईना. एका सद्गृहस्थाचे धोतर सुटू लागले, तथापि त्यांनी मूठ सोडली नाही. मुठीत चिंचोके होते आणि चिंचोक्यांत प्रत्यक्ष देव असल्याचे वर्तमान पसरले होते.

पिंपळाखाली अंकानंद महाराज विराजमान होते. ते म्हणत, "दोन्ही मुठीत बराबर चिंचोके घ्या. पाचाच्या वर घ्या. किती घेतले ते मले सांगू नका, देवाले मालूम आहे." मग आज्ञा होई की उजव्या मुठीतले तीन डावीत टाका; कोणाला चार, कोणाला पाच. उजवीत जेवढे उरले तेवढे डावीतून देवाला वाहा. आता उजवी रिकामी करा. एवढे झाल्यावर महाराज डोळे मिटून थरथरत आणि गर्जत, "डाव्यात सहा." मूठ उघडावी तो नेमके सहा! पुढच्या भक्ताला आठ सांगत, त्याच्या पुढच्याला दहा, आणि तेही खरे निघे. ज्याचा आकडा जुळला त्याचे मागणे पुरे होणार, असा दिलासा मिळे. भक्त हर्षभरित होऊन पायलीभर तांदूळ ठेवी.

मी नथ्थू, त्या फडावर पुडे मोजून नोंदवणारा मुन्शी. शिक्षण सातवी. माझ्या मुठीत आठ निघाले तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला, हे प्रांजळपणे लिहितो. परंतु एक शंका मनात राहिली. देव सर्वांच्या मुठीत जातो, मग सात किंवा नऊ का निघत नाहीत?

त्याच फडावर चंद्रपूरच्या भागीरथा खोब्रागडे नावाच्या विदुषी बसत असत. नागपूरच्या विद्यापीठात त्या गणिताच्या शिक्षणावर पीएच.डी. करत होत्या. शाळेत न गेलेल्या स्त्रिया तोंडी गणित कसे करतात, हा त्यांचा विषय. पुडा सत्तर पानांचा. आमच्या बाया पाच-पाच पाने लावत, गप्पा मारत तो बांधतात आणि एक पान चुकत नाही. भागीरथाबाई शेजारी बसून विचारत, "आई, हे कसं काढलं?" आणि उत्तर वहीत लिहून घेत. असे चार उन्हाळे गेले. शिष्यवृत्ती जूनमध्ये संपणार होती, फड आठ दिवसांत उठणार होता, आणि सतरा बायांची माहिती घेणे बाकी होते. ती न मिळाली तर चार वर्षांचे श्रम मातीमोल.

नेमके तेव्हाच महाराजांनी जाहीर केले, "ते शहराची बाई तुमची गिनती कागदावर उतरवून राह्यली. कागदावर गेलेली गिनती हातातून जाते. म्हणून यंदा पान कमी आलं." वास्तविक पान गारपिटीने कमी आले होते. पण बायांची तोंडे मिटली. सर्वांत हुशार केसरबाई. तिनेही पदर पुढे ओढून पाठ फिरवली. भागीरथाबाई तीन दिवस वहीचे कोरे पान उघडून बसल्या. पोलिसांत वर्दी द्यावी का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या की पोलीस महाराजाला नेतील, शंका इथेच राहील.

चौथ्या दिवशी त्यांनी सर्वांदेखत वही माझ्या हाती दिली आणि केसरबाईला म्हणाल्या, "आई, मी काही लिहीत नाही. महाराजांचा खेळ मुठीत न खेळता पानावर मांडून खेळ."

महाराज कडाडले की देव उघड्यावर येत नसतो.

केसरबाई मोजण्याच्या नादाची बाई. तिला राहवेना. "महाराज, देवाले मुठीतलं दिसते, तं पानावरचं काऊन नाई दिसन?"

लोक हसले. महाराजांचा निरुपाय झाला.

दोन तेंदूपानांवर बारा-बारा चिंचोके मांडले गेले. तीन उचलून पलीकडे ठेवले. भागीरथाबाईंनी फक्त विचारले, "आता काय झालं?"

"इथी नऊ राह्यले. तिथी पंधरा झाले. तिथी सहा जास्ती."

"आता तिथले नऊ उचलले तर?"

केसरबाई हात उचलून तशीच थांबली. मग तिला जे हसू फुटले ते आवरेना. "अवो बाई, जास्तीचेच उरन ना! पहिले बारा घ्या का वीस घ्या. तीन सरकवले तं फरक सहाचाच. चार सरकवले तं आठ. महाराज जेवढे सरकवाले सांगते, त्याची दुप्पट सांगून राह्यला!"

तिने महाराजांनाच मुठी भरायला लावल्या. सात इकडून तिकडे टाकायला सांगितले, पुढचे सारे करवून घेतले आणि डोळे न मिटता म्हणाली, "चौदा." मूठ उघडली. चौदा.

महाराज मोठे धूर्त. तत्काळ ओरडले, "केसरबाईच्या अंगात देवी आली!" आणि काय सांगावे, सरपंच बापूराव सर्वांच्या आधी तिच्या पायांवर पडले, मागोमाग अर्धा गाव. केसरबाई उड्या मारत पाय सोडवू लागली.

"पाय सोडा जी, भाऊ. चिंचोके घ्या आन् तुमीच सांगून पाहा."

बापूरावांनी घाबरत घाबरत पत्नी रुखमाबाईंना मुठी भरायला लावल्या, पाच सरकवायला सांगितले, आणि दहा म्हणाले. दहाच निघाले. मग जो कल्लोळ उडाला तो अवर्णनीय. सुनेने सासूचे ओळखले, सासूने व्याह्याचे. घटकाभरात सारे गाव अंतर्ज्ञानी झाले आणि अज्ञानी असा कोणी उरला नाही. महाराज केव्हा निसटले, ते मात्र कोणीच ओळखले नाही. तांदूळ तेवढे राहिले. ज्याचे त्याने नेले.

केसरबाईने माझ्या हातची वही घेतली आणि भागीरथाबाईंपुढे ठेवली. "लिहा बाई. माह्या गिनतीनं माह्या हात नाई सोडला."

फड उठण्याआधी, चार दिवसांत सतराही बायांनी सांगितले. दोन वर्षांनी प्रबंध मंजूर झाला. त्यात एक संपूर्ण प्रकरण केसरबाईच्या युक्तीवर आहे.

वाचकहो, माझे एवढेच सांगणे आहे. जिथे कोणी तुम्हाला मूठ झाकायला लावील, तिथे ती उघडून मोजा. मोजता येत नसेल तर ज्याला येते त्याला विचारा, आणि उत्तर समजेपर्यंत हात जोडू नका. बुद्धी ही काही शाळेच्या दाखल्यावर मिळत नाही. ती तुमच्याजवळ आहे.