पाचपेडी वेणी

कॅनडातल्या मूळ रहिवाशांच्या क्री भाषेच्या वर्गाला जायला लागल्याच्या तिसऱ्या दिवसापासून हेमलता पेंढारकरच्या घरातल्या वस्तू नुसत्या असेनाशा झाल्या. त्या कराव्या लागू लागल्या. बूट करत राहिलं नाही, तर दारापर्यंत जाईतो पाय उघडे पडत. तिथल्या थंडीत हे काही गमतीचं नव्हतं.

"तुमच्याकडे म्हणतात, मला मुलगी आहे," शिकवणाऱ्या ॲग्नेसआजी म्हणाल्या. "मुलगी आपली नुसती आहे, नि तुम्ही बसलेल्या. आमच्यात मुलीचंच क्रियापद होतं. ओतानिसिव, तिला मुलगी आहे. आणि क्रियापद म्हटलं की ते करावं लागतं."

नऊ वर्षांच्या लेकीला, रेवाला, हेमलता वेणीने करायची. सकाळी तिपेडी वेणी घातली की रेवा संध्याकाळपर्यंत टिके. एकदा आळस केला, तर शाळेतून नुसतं दप्तर घरी आलं.

मग एका बुधवारी रेवा पाचपेडी वेणी घालून आली. हेमलताच्या मनात पाल चुकचुकली.

"कुणी घातली?"

"तूच ना?"

हेमलताला पाचपेडी येत नव्हती. येत होती ती वरच्या मजल्यावरच्या वागळेवहिनींना. त्यांना मूलबाळ नव्हतं. वर्गात त्या सगळ्यांच्या मागाहून आल्या, पण कानामागून आली आणि तिखट झाली, तशातली गत. उच्चारात सगळ्यांच्या पुढे. त्यांच्या दारावरून जाताना जास्वंदीच्या तेलाचा वास यायचा. हेमलताने रेवाची उशी हुंगून पाहिली. तोच वास होता.

"माझ्या मुलीला तुम्ही करता का?" तिने वर्गातच विचारलं.

"तुम्हीच म्हणालात की," वागळेवहिनी शांतपणे म्हणाल्या. "मी वर्गात आले त्या दिवशी. मी म्हटलं, किती गोड मुलगी! तुम्ही म्हणालात, तुमचीच आहे."

म्हणाली होती खरी. आपल्यात म्हणतातच. पण ती ते इथे बोलली होती, आणि इथे बोललेलं होत होतं.

"मग आता कोण करणार?" तिने आजींना विचारलं.

"जी थांबणार नाही ती."

शाळेतून तशीच वर्गात आलेली रेवा दप्तरासकट दोघींच्या मधे बाकावर येऊन बसली. हेमलताने तीन पेड धरले, वागळेवहिनींनी पाच.

"आई, दुखतंय."

"हो गं," दोघी एकदमच म्हणाल्या.

थांबलं कुणीच नाही. वेणी लांबत लांबत बाकावरून उतरली, जमिनीवरून सरकत दाराबाहेर बर्फात गेली, तेव्हा कुठे हेमलताने मान वर केली. बाकावर नुसतं दप्तर होतं. हातातली वेणी अजून गरम होती. वागळेवहिनींची बोटं चालूच होती, म्हणून तिनेही पुढचा पेड उचलला.