मी रघुवीररावांची बिअरची बादली

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी बादली आहे. इंग्लंडमध्ये, नॉटिंगहॅममधल्या एका घरामागच्या शेडमध्ये, गवत कापायच्या यंत्राशेजारी सध्या माझा मुक्काम आहे. माझ्या झाकणाला भोक आहे आणि बुडाजवळ तोटी आहे, म्हणून मला फुटकी समजू नका. ही दोन्ही छिद्रे माझ्या मालकांनी मोठ्या हौसेने पाडली. मी ज्यासाठी राबले ते पेय मोठ्या माणसांचे. तुम्ही फक्त गोष्ट ऐका.

माझे बालपण एका बेकरीत गेले. केकवर लावायचे आयसिंग माझ्यात भरून यायचे. ते संपले आणि माझी रवानगी कचऱ्यात होणार होती. त्याच दिवशी रघुवीरराव पाव घ्यायला आले. एका हॉस्पिटलच्या लॅबमधून ते नुकतेच निवृत्त झाले होते. बेकरीवाल्या बाईंना विचारून त्यांनी मला घरी आणले. हौसेला मोल नसते म्हणतात. रघुवीररावांच्या हौसेला खरोखरच मोल पडले नाही, कारण मी फुकट होते.

त्यांना घरच्या घरी थोडी बिअर करून पाहायची होती, एका वेळी दहा लिटर. दुकानातली साधने महाग होती. म्हणून त्यांनी झाकणाला भोक पाडून रबरी नळी बसवली आणि तिचे दुसरे टोक जॅमच्या बरणीतल्या पाण्यात सोडले. आतला वायू बुडबुड करत बाहेर जाई, पण बाहेरची हवा आत येत नसे. मोठे पातेले जुन्या वस्तू स्वस्तात विकणाऱ्या चॅरिटी शॉपमधून आले. घरातले पातेले द्यायला सुनेत्राबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, साफ नकार दिला होता. ज्यात नैवेद्याची खीर होते त्यात हे उकळायचे नाही, असे त्यांनी बजावले. मोड आणून वाळवलेले जव रघुवीरराव चक्क्यासारखे फडक्यात बांधून गरम पाण्यात भिजवत. थंडीत मला आपल्या जुन्या फ्लीसच्या उबदार जाकिटात गुंडाळून ठेवत.

मला धुण्याचे काम ते कुणालाही देत नसत. कोमट पाणी आणि मऊ फडके, बस्स. प्लॅस्टिकला चरा पडला की जंतूंना घर मिळते आणि मग बिअर आंबट होऊन बिघडते, असे ते मुलाला सांगत. मुलगा कुश इथेच जन्मलेला, लंडनमध्ये एजवेअरला राहणारा. पूर्वी घरी आला की फोनमध्ये डोके घालून बसायचा. माझ्यामुळे तो बापाशेजारी उभा राहून जव ढवळू लागला. बिअर उत्तम होत असे. शेजारी तोंडभरून कौतुक करत आणि मी फुगून जाई.

फक्त सुनेत्राबाईंनी सहा वर्षांत मला बोट लावले नाही. दर खेपेला रघुवीरराव ग्लास पुढे करून एक घोट घेऊन बघायला सांगत. दर खेपेला त्या नाक मुरडून आत निघून जात.

मग रघुवीररावांना कर्करोग झाला. हातातले बळ गेले. कुशबरोबर एकदा, शेवटची, चांगली बिअर करायची एवढीच त्यांची इच्छा होती. कुश येणार त्या दुपारी ते झोपले असताना सुनेत्राबाई शेडमध्ये आल्या. त्यांनी मला स्वयंपाकघरात नेले आणि तारेच्या घासणीने घासघासून घासले. कढईची काळी बुडे लख्ख करणारे ते हात होते. मित्रांनो, मी ओरडू शकत नव्हते.

रघुवीरराव उठून आले. "अहो, बघा, एकही डाग ठेवला नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. रघुवीररावांनी माझ्या आतून हात फिरवला. त्यांच्या बोटांना सगळे चरे लागले. ते म्हणाले, "छान झालीय."

संध्याकाळी कुश आला आणि चरे पाहून दुसरी बादली आणायला निघाला. त्यांनी त्याला थांबवले आणि आईला काही सांगायचे नाही असे वचन घेतले. माझ्यातच लावलेली ती बिअर आंबट झाली. रघुवीररावांनी सुनेत्राबाईंसमोर पूर्ण ग्लास संपवला आणि वर दुसरा मागितला. त्यानंतर तीन आठवड्यांनी ते गेले.

सुनेत्राबाई मात्र मला विसरल्या नाहीत. दर शनिवारी त्या मला घासत. नवऱ्याची आठवण म्हणून घासत, आणि मी आतून खरवडत जाई. माझे दुःख मला होतेच, पण त्यांना दोष कसा देऊ?

वर्षश्राद्धासाठी कुश महिनाभर आधी येऊन माझ्यातच बिअर लावून गेला. दुसरी बादली आणली तर आईला कारण काय सांगायचे, हे त्याला सुचले नसावे. विधी झाल्यानंतरच्या रविवारी त्याने मला स्वयंपाकघरात आणून बिअर बाटल्यांत काढली आणि एक ग्लास भरला. सुनेत्राबाईंनी हात पुढे केला आणि आयुष्यातला पहिला घोट घेतला.

"आंबट आहे रे. त्यांचीही अशीच असायची?"

"नाही आई. फक्त लास्टवाली."

त्यांनी सिंकजवळच्या घासणीकडे पाहिले. मग माझ्यात हात घालून हळूहळू फिरवला.

"त्यांना कळलं होतं?"

"हो. बाबा म्हणाले, आईला सांगू नको. तू फर्स्ट टाइम बादलीला हात लावला होता. ही वॉज सो हॅपी, आई."

त्या खुर्चीत बसल्या. ग्लास तसाच हातात होता.

"सहा वर्षं चांगली होत होती," त्या म्हणाल्या, "तेव्हा मी एकदाही चव घेतली नाही."

मित्रांनो, आता मला कोणी घासत नाही आणि माझ्यात काही मुरतही नाही. माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. कुणाची वस्तू धुवायला घेण्याआधी ती कशी धुवायची ते त्याला विचारा. आणि तुमचे माणूस मोठ्या हौसेने काही करून पुढे ठेवील, तेव्हा ते माणूस समोर असतानाच चाखून बघा. नाही आवडले तर खुशाल तोंड वाकडे करा.