दुखवट्यातले पाढे

माझी बायको इन्साफ वारली तेव्हा तिची आई आमच्या घरी राहायला आली. ती माझी सासू आणि सख्खी आत्याही, फहीमा. आल्या दिवशीच तिने अंगणात आखलेला सीगा पाणी ओतून धुऊन टाकला.

सीगा हा खड्यांचा खेळ. पाच आडवी, पाच उभी घरं आखायची आणि दोघांनी समोरासमोर बसायचं. समोरच्याचा खडा आपल्या दोन खड्यांच्या मध्ये सापडला की उचलायचा. इन्साफने आमच्या मुलीसाठी, रुदैनासाठी, त्यात एक अट घातली होती. प्रत्येक घरात आकडा लिहायचा. खडा सापडला, तरी आपले दोन खडे ज्या घरांत आहेत त्या आकड्यांचा गुणाकार सांगितल्याशिवाय तो उचलायचा नाही. चुकलं की समोरचा सुटला. माझी पोर पाढे असे शिकली. म्हणजे शिकत होती, सातापर्यंत आली होती.

मग आई गेली आणि पोरीने वार्षिक परीक्षेत गणिताचा पेपर कोरा दिला. आता फेरपरीक्षा होती. शाळेतल्या रिज्क मास्तरांनी मला बोलावून सांगितलं, की यावेळी नापास झाली तर तिला त्याच वर्गात बसावं लागेल. आत्याने ते ऐकलं आणि ठरवूनच टाकलं: नापास झाली तर शाळा बंद, पोर माझ्याबरोबर गावी येईल, भाकरी भाजायला शिकेल. इन्साफ असती तर आत्याची हे बोलायची हिंमत झाली नसती.

इकडे दक्षिण इजिप्तमध्ये, आमच्या कूस शहरात, माणूस गेलेल्या घरात वर्षभर टीव्ही लागत नाही, ईदची बिस्किटं भाजत नाहीत, पोरं दारात खेळत नाहीत. मला हे मान्य होतं. मीही टीव्ही झाकून ठेवला होता. म्हणून मी पोरीला नुसतं तोंडी शिकवायला बसलो. मी पाण्याचे पंप दुरुस्त करतो. दिवसभर उसात वाकून आल्यावर मी विचारायचो, सात आठे किती, आणि ती फरशीकडे बघायची. मी पुन्हा विचारायचो. आवाज चढायचा. ती रडायचीही नाही. नुसती बसायची. बंद पडलेला पंप निदान खोलून तरी बघता येतो.

कुवेतला असलेल्या माझ्या भावाने फोनवर पाढ्यांचा एक खेळ पाठवला. तो सुरू झाला की बाजा वाजायचा. पहिल्यांदा वाजला तेव्हा शोकाला आलेल्या बायका आत बसल्या होत्या. आत्या बाहेर आली आणि माझ्याकडे बघून परत गेली. मी आवाज बंद केला. रुदैनाला रोज ढीगभर तारे मिळायला लागले. मी खूश झालो. मग एकदा शेजारी बसून पाहिलं, तर ती चारही उत्तरं एकामागून एक दाबत होती. कुठलं तरी बरोबर निघायचंच. फोन भिंतीवर फेकावासा वाटला.

मी तिला म्हटलं, अगं, आईबरोबर तर पटापट सांगायचीस. ती म्हणाली, "आई माझे खडे उचलायची ना."

दुसऱ्या दिवशी मी अंगणात सीगा आखला. आत्याने तो पायाने पुसला. मी पुन्हा आखला. तिने बादली आणली. तिचं म्हणणं, गल्ली काय म्हणेल, चाळिसावा दिवसही झाला नाही आणि जावई अंगणात खेळ मांडून बसलाय. मी म्हटलं, गल्लीला पेपर द्यायचा नाहीये. त्या दिवसापासून ती माझ्याशी फक्त पोरीमार्फत बोलायला लागली.

परीक्षेच्या आदल्या गुरुवारी आम्ही कबरीवर गेलो. गुरुवारी सगळेच जातात. आत्याने भाकरी आणि खजूर वाटले. बायका भिंतीच्या सावलीत बसल्या. मी फातिहा म्हणून वळलो तर रुदैना कबरीच्या बाजूला वाळूत बोटाने घरं आखत होती. आकडेसुद्धा घालत होती. एका बाजूला खडे, एका बाजूला खजुराच्या बिया. मांडून झाल्यावर ती एकटीच समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत बसली.

बायकांचं बोलणं थांबलं. त्यातली एक म्हणाली, "खलफ, पोरीला आवर. मेलेल्याची तरी लाज धरा."

मी पोरीला उठवायलाच निघालो होतो. खरंच निघालो होतो. पण परवा पेपर होता. मी तिच्यासमोर मांडी घातली आणि पहिली बी सरकवली.

मला हा खेळ नीट येत नाही. तिने माझी एक बी दोन खड्यांत पकडली, एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला आठ. ती बराच वेळ ओठ हलवत राहिली. मग ती म्हणाली, "छप्पन्न," आणि बी उचलली.

नंतर मी तिचा एक खडा पकडला. सहा आणि सात. मी म्हटलं चव्वेचाळीस आणि खडा उचलला. तिने माझ्या मनगटावर चापट मारली. मी म्हटलं, अगं, बापाला जरा सूट दे. ती म्हणाली, बेचाळीस, खडा सुटला. मी म्हटलं, दोनाचाच तर फरक आहे. आमची बाचाबाची सुरू झाली, चांगलीच मोठ्याने.

"ठेव तो खडा, खलफ," आत्या म्हणाली. ती आमच्याकडे पाठ करून बसली होती. "पोर म्हणते ना बेचाळीस."

मी खडा ठेवला. कितीतरी दिवसांनी ती माझ्याशी थेट बोलली होती.

"आणि उद्या घरी खेळायचं तर गच्चीवर, मागच्या अंगाला. खाली आवाज आला नाही पाहिजे."

मला राग आला. इथे सगळ्यांसमोर चाललं होतं, मग घरात चोरून कशाला? विचारणार होतो. पण रुदैनाने वाळूवर बोट आपटलं. माझी पाळी होती.