मुकादमबाईंनी ऐकू दिलेला श्वास

इस्पितळाच्या लाँड्रीतल्या मुकादमबाई कुणाला हार जात नसत. अपवाद एकच, रस्सीखेच. दरवर्षी कर्मचाऱ्यांच्या खेळांत बॉयलरवाले लाँड्रीच्या बायकांना दोरासकट फरफटत नेत. त्यात बॉयलरवाल्यांच्या शेपटाला, दोर कमरेभोवती घेऊन उभे असत ते बाईंचे स्वतःचे यजमान. मग वर्षभर घरात टोमणे. "चादरी पिळणं वेगळं आणि दोर ओढणं वेगळं हो!"

यंदा सून मदतीला धावली. ती तरणतलावावर पोहायला शिकवायची.

"आई, ताकद आहे तुमच्यात. पण शिट्टी वाजली की तुम्ही सगळ्या श्वास कोंडता. हे बघा." तिनं बाईंची बोटं त्यांच्याच मनगटावर ठेवली. नुसत्या आठवणीनंच नाडी उंदरासारखी पळत होती. "आता नाकानं सावकाश घ्या. आणि घेतला त्याच्या दुप्पट वेळ सोडत राहा."

बाईंनी सोडला. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. बोटांखालची पळापळ हळूहळू निवली.

"अगं बाई, काळीज तर ऐकतं की!"

"ऐकतं. शिट्टीआधी हे करायचं. आणि ओढताना सगळ्यांनी एकदम श्वास सोडत ओढायचं."

तेव्हापासून लाँड्रीत ओल्या चादरीसुद्धा एका तालात पिळल्या जाऊ लागल्या.

अडचण होती ती घरात. सासू-सून सरावाला बसल्या की पलीकडच्या खोलीतलं वर्तमानपत्र सळसळायचं थांबे. भिंतीला कान असतात, आणि हे कान तर बाई चांगले ओळखून होत्या. त्यांनी सुनेला डोळा मारला आणि आवाज चढवला.

"म्हणजे छाती फुटेस्तोवर श्वास भरायचा, गाल फुगवायचे आणि सोडायचाच नाही. बरोबर ना गं?"

सुनेनं कसंबसं हसू दाबलं. "अगदी बरोबर! सोडला की संपलंच, आई!"

दुसऱ्याच दिवशी बातमी आली की बॉयलरखोलीत धडधाकट गडी गाल फुगवून उभे आहेत. "फुगू देत," बाई म्हणाल्या.

खेळाच्या दिवशी शिट्टी वाजली. बॉयलरवाल्यांचे गाल टम्म, डोळे बाहेर, चेहरे लालबुंद. बाईंची नजर नेमकी यजमानांवर गेली आणि त्यांना हसू फुटलं. हसण्याची लागण सगळ्या बायकांना झाली, हात ढिले पडले आणि लाँड्री हसतहसत रेषेपलीकडे ओढली गेली. पहिली फेरी हातची गेली.

"आई, बाबांकडे बघू नका! जमिनीकडे बघा!" सून ओरडली.

दुसऱ्या फेरीआधी बायकांनी डोळे मिटून लांब श्वास सोडले. मग "हुं...हुं" करत एका दमात खेचलं. बरोबरी! तिसऱ्या फेरीत श्वास कोंडून कोंडून बॉयलरवाल्यांच्या नाकी नऊ आले. यजमानांच्या तोंडून मोठ्ठा 'फुस्स' निघाला आणि अख्खा संघ घसरत आला.

"फसवलंस मला!" यजमान धापा टाकत म्हणाले.

"मी? आम्ही दोघी आपसात बोलत होतो. तुम्हाला कुणी सांगितलं?"

यजमान दोर गुंडाळायला लागले, पण साथीदार कुठले गप्प बसायला! "काका, तुम्ही तर म्हणालात, हे मोठ्या कोचनं सांगितलंय!"

यजमानांनी चाचरत सुनेकडे बोट केलं. "मग? कोच नाही का ती?"

"आहे ना, बाबा," सून म्हणाली. "पण आईंच्या संघाची."

रविवारी पंचा खांद्यावर टाकून यजमान तरणतलावावर हजर झाले, आणि काठाची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून म्हणाले, "हं, तो खरा श्वास शिकव. पण तुझ्या सासूला सांगू नकोस."

सुनेनं घरी आल्याआल्या सांगितलं.