ढगांवर गेलेली टोपली

मित्रांनो, मी एक जुनी, झाकणाची टोपली आहे आणि मी विमानाने दिल्लीला गेलेली आहे. हे कळल्यापासून आमचे सूप माझ्याशी बोलत नाही.

किन्हीराजा गावच्या एका बुरडीणबाईने मला विणले. केनवडच्या तुळसाबाईंनी मला विकत घेतले. त्यांच्या डोक्यावर बसून मी शेतात भाकरी नेली, कापूस वाहिला. पुढे माझी कड उसवली आणि मी टिकलीचे घर झाले. टिकली म्हणजे तुळसाबाईंची कुत्री. ती एवढीशी, की शेळ्याही तिला ओलांडून जात.

तुळसाबाईंचा नेम होता. पहिला घास टिकलीला, मग स्वतःला. घरात तिसरे कोणी नव्हते.

१९५६ साली सूनबाईंचे दिवस भरत आले. मुलगा जगदेव दिल्लीला विमान कंपनीत मेकॅनिक. त्याने आईला विमानाचा पास पाठवला.

"कुत्रीले मी सांभाळतो," शेजारच्या रंगूबाई म्हणाल्या.

"मागं सांभाळली होती ना तू. उपाशी राह्यली ते. माह्यावाचून खातच नाई."

म्हणून टिकली माझ्यात बसली.

नागपूरच्या विमानतळावर वजनकाट्याजवळच्या बाबूने विचारले, "आजी, टोपलीत काय?"

"कुत्री."

बाबू पोट धरून हसला आणि त्याने कागदावर 'फराळ' लिहिले.

विमान उठले. माझ्या फटींतून मी पाहिले, तर शेते गोधडीच्या ठिगळांएवढी झाली, मग तीही दिसेनात. ढग आमच्या खाली होते, मित्रांनो. मी ज्या बांबूची, त्यालाही एवढे आभाळ कधी दिसले नसेल.

जेवणाचे ताट आले. तुळसाबाईंनी झाकण उचलून घास पुढे केला आणि फराळ भुंकला.

हवाई सुंदरी धावत आली. "आजी, हिला मागे सामानात ठेवावं लागेल. नियम आहे."

"अंधारात? मंग मलेबी तिथंच ठिव, माय. मीबी जुनं सामानच आहो."

ताट तसेच ठेवून, मला काखेत मारून त्या मागे निघाल्या. गंमत पाहायला अर्धे प्रवासी मागोमाग निघाले. विमानाची शेपटी जड झाली, नाक वर गेले आणि कप्तान बाहेर आला.

"सगळे जागेवर बसा. आजी, आधी तुम्ही."

"हिच्यासंगं?"

कप्तानाने पायाखालच्या तिरप्या झालेल्या जमिनीकडे पाहिले. "हिच्यासंगं. पण लवकर."

टिकलीने घास खाल्ला. मग तुळसाबाई जेवल्या. विमान सरळ झाले. खिडकीबाहेर पाहत त्या हळूच म्हणाल्या, "येवढा कापूस, टिकले. अन् येचाले कोनीच नाई."

आता मी माळ्यावर असते. लोक मला जुने सामान म्हणतात आणि ते खरेच आहे. म्हणून माझे ऐका. जो जीव तुमच्यावाचून जेवत नाही, त्याला सामानात टाकू नका. मला कुठेही ठेवा. मला भूक लागत नाही.